कंपनीचा आहेर

“साहेब, जरा वाका. माझा हात पोचत न्हाई.”

गानूसाहेब वाकले नाहीत. उलट दोन पावलं मागं सरकले. समोर अख्खी करंजवाडी मांडी घालून बसलेली, आणि मी स्टेजवर दोन्ही हातांत तयार बांधलेला गुलाबी फेटा धरून उभी. शेजारी माझी सून उज्ज्वला ताट घेऊन. ताटात टॉवेल, टोपी, नारळ आणि साहेबांच्या मंडळींसाठी चांगली काठापदराची साडी.

“आजी, राहू द्या. मला घेता येत नाही.”

“का? डोकं मोठं हाय का? मोठ्याच मापाचा आणलाय.”

बायका हसल्या. साहेब हसले नाहीत. “कंपनीचा नियम आहे. आम्ही कुणाकडूनही भेट घ्यायची नाही.”

“आणि द्यायची?”

“ते वेगळं. ते सीएसआर आहे.”

हे काय नवीन, म्हणून मी सर्जेरावाकडं बघितलं. सर्जेराव म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, त्या वेळचा सरपंच. तो माइकपाशी उभा राहून डोळ्यांनी मला ‘काकी, खाली उतरा’ म्हणत होता. डोळ्यांनी सांगितलेलं मला कधी कळत नाही. मी फेटा साहेबांच्या रिकाम्या खुर्चीत ठेवला, उज्ज्वलाच्या हातातलं ताट घेऊन टेबलावर बॅनरच्या पुढ्यात मांडलं, आणि मगच उतरले. साहेबांना पुढचा अर्धा तास उभ्यानं भाषण ऐकावं लागलं.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. गावात अजून कुणी मला चिडवायला आलं तर आधी फेट्याची आठवण काढतं. पुढचं कुणी काढत नाही, म्हणून ते मीच सांगते.

आमच्या गावाच्या पूर्वेला बिस्किटांची कंपनी. सकाळी वारा आला की गावभर भाजलेल्या साखरेचा वास सुटायचा, आणि पोरं शिळी भाकरी खाताना बिस्किट खाल्ल्यासारखी तोंडं करायची. त्या दिवशी कंपनीनं हायस्कूलला जाणाऱ्या मुलींना दप्तरं वाटली आणि गावाच्या तोंडाशी कमान बांधून देणार म्हणून जाहीर केलं. कमानीवर आमच्या मालकांचं नाव येणार होतं. यशवंतराव फरांदे प्रवेशद्वार. मालक सोळा वर्षं सरपंच होते आणि जाऊन चार वर्षं झाली होती. सर्जेरावानं हे मला आधी येऊन सांगितलं तेव्हा मी त्याला दोनदा चहा दिला. एरवी मी त्याला एकदाही देत नसे.

आता कुणी एवढा आहेर घेऊन दारात आल्यावर त्याला मोकळ्या हातानं पाठवायचं, हे फरांद्यांच्या घरात कधी झालेलं नाही. आलेल्या प्रत्येक आहेराला परतीचा आहेर. म्हणून मी स्वतः फलटणला जाऊन फेटा निवडला होता. आणि माझा तो फेटा खुर्चीत पडून राहिला.

दप्तर माझ्या नातीलाही मिळालं होतं, तनुजाला. निळं, दोन कप्प्यांचं, वर कंपनीचं चित्र. घरी आल्यावर तिनं ते खुंटीला अडकवलं आणि बघत बसली. कारण त्या दप्तरात काही भरलं जायचं नव्हतं. सातवीनंतर तिची शाळा बंद, असं माझ्या विलासनं ठरवलं होतं. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल लोणवडीला, आणि लोणवडीला जायचं म्हणजे हायवेच्या कडेनं तीन किलोमीटर. आदल्या वर्षी एका ट्रकनं शेडग्यांच्या मुलीला कट मारला. पोरगी वाचली, पण पाय मोडला. त्यानंतर तीन घरांनी मुली काढून घेतल्या. विलास म्हणाला, आपणही नको. उज्ज्वला रडली. आणि मी विलासच्या बाजूनं बोलले. मी म्हटलं, मी दुसरी शिकले, माझं काय अडलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची पोरगी घरी आली. रेणुका वानखेडे, यवतमाळकडची, चोवीस-पंचवीसची, गळ्यात ओळखपत्र आणि हातात माझं ताट.

“आजी, हे परत करायला आले. आणि माफी मागायला.”

“ताट ठेव. माफी साहेबांची का तुझी?”

“माझी. मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.”

मी तिला पाट दिला. चुलीवर भाकरी होती, म्हणून तोंड वळवून बोलायचं निमित्त माझ्यापाशी होतं.

“आमचा आहेर हलका होता का गं?”

“आजी, ऐका ना. तो आहेरच नव्हता. म्हणजे आम्ही दिला तो.”

“मग काय होतं? नवस?”

तसं तर गावात अनेक तर्क होते. किसन शिंपी म्हणायचा, कंपनीला टॅक्स चुकवायचाय. आमची जाऊ म्हणायची, कंपनीच्या मालकाला मूलबाळ नसेल, पुण्य जोडतोय. सर्जेरावाचं म्हणणं, त्याचं वजन आहे म्हणून मिळतंय. रेणुकानं सगळं ऐकून घेतलं आणि हसली.

“कायदा आहे आजी. मोठ्या कंपनीनं नफ्यातला ठरलेला वाटा लोकांच्या कामासाठी लावायचाच. शाळा, पाणी, दवाखाना. त्याला सीएसआर म्हणतात. कंपनीची समाजाबद्दलची जबाबदारी. साहेबांना आवडो, न आवडो.”

“म्हणजे हौसेनं न्हाई देत.”

“हौसेनं द्या, रडून द्या, द्यायलाच लागतं. म्हणून तर मी आले होते ना विचारायला, गावाला काय हवं ते.”

“कधी?”

“तीनदा आले. तुमच्याच ओट्यावर बसले होते. तुम्ही काय म्हणालात आठवतं?”

मला आठवत होतं. मी म्हटलं होतं, आमच्यात काही कमी न्हाई, देवाच्या दयेनं सगळं हाय. अहो, पाहुणा दारात येऊन ‘तुम्हाला काय द्यायचं’ विचारतो, तेव्हा काय यादी काढायची? सोयरीक जमवताना सुद्धा आम्ही ‘आम्हाला मुलीशिवाय काही नको’ म्हणतो. मागून घेतलं तर आहेर कसला.

रेणुकानं फायलीतला कागद काढला. “गावातल्या एकोणतीस घरांत गेले. सव्वीस घरांनी हेच सांगितलं. काही नको. बाकीच्या तिघांनी सांगितलं, सर्जेरावांना विचारा. सर्जेरावांनी कमान सांगितली. आता साहेबांच्या टेबलावर कागद आहे की करंजवाडीला कसलीच अडचण नाही, फक्त कमान नाही.”

भाकरी करपली. माझ्या हातची भाकरी करपायची ती माझ्या लग्नानंतरची दुसरी वेळ.

“दप्तरं कुणी सांगितली?”

“ती मीच घुसवली. पण तुमची तनुजा मला काल म्हणाली, ताई, माझं दप्तर दुसऱ्या कुणाला द्या, मी शाळेत जाणार नाही. मी रात्रभर त्याच विचारात होते.”

तनुजा दाराआड उभी होती. तिच्या पायाचा अंगठा दिसत होता.

मी तवा उतरवला आणि पाण्यानं हात धुतले. “रेणुका, पूर्वी लोणवडीला जायला पाणंद होती. फरांद्यांच्या मळ्यातून सरळ. मी डोक्यावर पाटी घेऊन जायचे, विडा चघळून संपायच्या आत पोचायचे. कंपनीची भिंत आली आणि पाणंद तिच्या आत गेली.”

“आत कुठं? मशीनच्या जागेत?”

“छे. पार उत्तरेच्या कडेनं. तिथं नुसतं गवत हाय. भिंत दहा फूट मागं घेतली तरी वाट मोकळी होईल.”

रेणुकानं हातातला कागद खाली ठेवला. “आजी, हे तुम्ही तीनदा विचारूनही मला सांगितलं नाहीत.”

“तू आहेर काय हवा विचारत होतीस. वाट कुणी आहेरात मागतं का?”

त्याच दिवशी दुपारी मी कंपनीच्या ऑफिसात गेले. एकटी जाणार होते, पण सर्जेरावाला कुणीतरी कळवलं आणि तो मोटरसायकलवरून माझ्या आधी पोचला. ऑफिसात इतकं गार होतं की मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. गानूसाहेब उठून उभे राहिले, एवढं मात्र त्यांनी केलं.

“आजी, कालच्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका.”

“कालचं मी इसरले,” मी खोटं बोलले. “मी वाट मागायला आलेय.”

मी सांगितलं. साहेबांनी ऐकलं. मग नकाशा मागवला, चष्मा लावला, काढला.

“अवघड आहे. एक तर हे सीएसआरमध्ये बसत नाही. भिंत आमची, जागा आमची. स्वतःच्या जागेवरचा खर्च त्यात दाखवता येत नाही.”

“मग कशात बसतं?”

“कशातच नाही, तसं बघितलं तर.”

“म्हणजे तुम्ही लांबच्या माणसाला दप्तर देऊ शकता, आणि तुमच्या भिंतीनं ज्याची वाट अडली त्याला वाट देऊ शकत न्हाई. असंच ना?”

रेणुकानं खाली बघितलं. ती हसत होती का घाबरली होती, कळलं नाही. सर्जेराव मात्र खुर्चीत पुढं सरकला.

“साहेब, काकींचं मनावर घेऊ नका. काकी, तुम्ही कमानीचं बघा ना. काकांचं नाव लागतंय. कशाला मोडता घालताय?”

“सर्जेराव, तू चहा पी.”

“चहा काय पी. त्या पाणंदीचा विषय काढला तर मला बोलावंच लागंल. साहेब, ती जुनी फाइल दाखवा काकींना. एकदाच दाखवा आणि संपवा.”

साहेबांनी जरा आढेवेढे घेतले, मग फाइल आली. जाड कागद, पिवळा पडलेला, ग्रामपंचायतीचा ठराव. मला वाचायला वेळ लागतो, पण वाचता येतं. उत्तरेची पाणंद गावाच्या वापरात नाही, ती कंपनीच्या कुंपणात घ्यायला ग्रामपंचायतीची हरकत नाही. खाली सही. यशवंत ज्ञानू फरांदे. मालकांच्या सहीतला ‘य’ मी हजारांत ओळखला असता. त्याचं पोट फुगीर असायचं, त्यांच्यासारखंच.

सर्जेरावानं चहा उचलला.

खरं सांगते, त्या क्षणी उठून घरी जावं असं वाटलं. गेलेल्या माणसाबद्दल परक्यांच्या देखत काय बोलायचं? आणि कुणापुढं, तर ज्या पुतण्यापुढं चाळीस वर्षं मालकांचा शब्द मी देवाचा म्हणून मिरवला त्याच्यापुढं. शिवाय मला तो दिवस आठवत होता. मालक घरी आले, टोपी काढली आणि म्हणाले, ‘पाणंद देऊन टाकली, आता हायवे झालाय, चिखलात कोण जाणार.’ आणि मी म्हटलं, ‘बरं केलंत.’ तेव्हा आमच्या घरात शाळेत जाणारी मुलगी नव्हती. आमच्या दोन्ही पोरी चौथीतून काढून लग्नं लावून दिली होती. त्यामुळं त्या वाटेनं आणखी कोण जात असेल, हा विचार ना त्यांच्या डोक्यात आला, ना माझ्या.

“सही त्यांचीच हाय,” मी म्हटलं. “चुकले ते.”

सर्जेरावाच्या बशीत चहा सांडला. “काकी...”

“चुकले म्हणते ना. आणि मी त्यांच्या बाजूनं होते, मीही चुकले. त्यांना उठून दुरुस्त करता यायचं न्हाई. मला येतं.” मग साहेबांकडं वळले. “साहेब, कमान रद्द करा. ज्या माणसाच्या सहीनं पोरींची वाट बंद झाली, त्याचं नाव गावाच्या वाटेवर नको. माझं कुंकू होतं ते, मीच सांगते. त्याच्या बदल्यात जे तुमच्या कायद्यात बसतं ते गावातल्या बायकांना परत विचारा. या वेळी आम्ही नीट सांगू.”

“आणि पाणंद?” साहेब म्हणाले.

“त्यासाठी तुम्ही फक्त माझ्याबरोबर चला. लोणवडीच्या शाळेपर्यंत. चालत.”

“आत्ता?”

“शाळा सुटायच्या वेळेला ट्रक किती असतात ते बघायचं असंल, तर आत्ताच.”

साहेबांनी घड्याळ बघितलं, रेणुकाकडं बघितलं, आणि का कोण जाणे, उठले. कदाचित त्यांना वाटलं असेल, म्हातारी अर्ध्या वाटेत दमेल. मी बासष्टची होते आणि रोज मळ्यात दोन फेऱ्या मारत होते. साहेब पंचेचाळीसचे असतील, पण ते गाडीत वाढलेले.

पहिली दोनशे पावलं बरी गेली. मग हायवेच्या कडेची पांढरी पट्टी संपली आणि बाभळी सुरू झाल्या. एका बाजूला काटे, एका बाजूला ट्रक. पहिला ट्रक गेला तेव्हा साहेबांच्या हातातला रुमाल उडाला. दुसरा इतका जवळून गेला की ते माझ्या मागं येऊन उभे राहिले. मी म्हटलं, “मागं नका येऊ, मी तुमच्यापेक्षा बारीक हाय.”

“आजी, इथून मुली रोज जातात?”

“जात होत्या. आता ज्यांचे बाप कडक न्हाईत त्यांच्याच जातात.”

तिसरा ट्रक मागून हॉर्न वाजवत आला. असा हॉर्न की कानाचे पडदे हलले. साहेबांनी उडी मारली ती सरळ बाभळीत. ट्रक पुढं जाऊन हळू झाला, आणि ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून सणसणीत शिवी दिली. ट्रकच्या मागं भलंमोठं चित्र होतं. तीन बिस्किटं आणि एक हसणारं बाळ. साहेबांच्याच कंपनीचा.

शर्टाची बाही काट्यात फाटली होती. मी काटे काढत होते आणि साहेब त्या बाळाकडं बघत होते.

“नंबर घेतला का?” मी विचारलं.

“त्याला मी ओळखतो,” ते म्हणाले. “मागच्या महिन्यात वेळेत माल पोचवल्याबद्दल मीच त्याचा सत्कार केला.”

“मग त्याची चूक न्हाई. त्याला वेळ दिलीय तुम्ही, वाट कुठं दिलीय.”

शाळा आली तशी साहेब आधी आत शिरले. शाळेच्या नळावर पाणी प्यायले, तोंड धुतलं. मग खिशातून मोबाइल काढला. “गाडी बोलावतो. तुम्हाला घरी सोडतो.”

“तुम्ही जा गाडीनं. मी आले तशी जाईन. पोरींना परतीला गाडी येत न्हाई, मला कशाला?”

त्यांनी मोबाइल परत खिशात ठेवला. चालत आले माझ्याबरोबर, सगळी वाट. एकदाही मागं राहिले नाहीत, आणि ट्रक आला की माझ्या हाताला धरून बाभळीकडं घेत होते, जशी काही मीच त्यांची आजी. कंपनीची भिंत आली तेव्हा उत्तरेच्या कोपऱ्यात थांबले.

“पाणंद नेमकी कुठून जायची?”

मी दाखवलं. ते भिंतीवर हात ठेवून उभे राहिले आणि पावलं मोजल्यासारखं बघत राहिले. “दहा फूट,” ते स्वतःशीच म्हणाले. “दोन टोकांना दोन दारं आणि आतल्या बाजूनं जाळी. प्लँटच्या दुरुस्तीच्या खर्चात करून टाकू. फोटो काढायला कुणी यायचं नाही मात्र.”

“फोटो आम्हाला नकोच हायेत.”

रेणुका आमच्या गावात घरोघर चौथ्यांदा फिरली. या वेळी बायकांनी तिला बसू दिलं नाही इतकं सांगितलं. कमानीच्या जागी लोणवडीच्या हायस्कूलात मुलींसाठी संडास झाले, पाण्यासकट. त्यावर कंपनीच्या नावाची संगमरवरी पाटी आहे, आणि ती असावी, मला काही म्हणायचं नाही. साहेबांनी त्याचं उद्घाटन केलं तेव्हा मी पुढच्या रांगेत टाळ्या वाजवल्या. सर्जेराव माझ्याशी दीड वर्ष बोलला नाही. त्या दीड वर्षात घरात चहापत्ती बरीच उरली.

विलासला समजवायला मात्र मला तीन दिवस लागले. तो म्हणाला, “आई, तूच म्हणालीस ना, दुसरी शिकून तुझं काय अडलं?”

“अडलं होतं,” मी म्हटलं. “तुझ्या बापानं सही केली, तेव्हा तो कागद मी वाचून बघितला न्हाई. वाचता येत होतं तरी. सवयच नव्हती.”

जूनच्या शेवटी दारं बसली. लोखंडी, हिरव्या रंगाची, आणि दोन्ही दारांमध्ये सरळ वाट. शाळा दहा दिवस आधीच सुरू झाली होती, पण शेवटी सोमवारी सकाळी आमच्या गावच्या पाच मुली निघाल्या. मीही निघाले, कारण पहिल्या दिवशी कुणीतरी मोठं बरोबर हवं. दाराशी कंपनीचा नवा वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. गुडघ्यावर लांब वही.

“थांबा. नाव सांगा. कुणाकडे जायचंय?”

“कुणाकडं न्हाई,” मी म्हटलं.

“मग आत कसं सोडू? आत येणाऱ्याचं नाव, वेळ, कुणाला भेटायचं आणि काय काम, सगळं लिहायला सांगितलंय.”

“आम्ही आत येतच न्हाई. पलीकडं चाललोय. ही आमची वाट हाय.”

तो नियमाचा माणूस होता. वही पुढं धरून बसला. मी पदर खोचून आता याला काय बोलावं याचा विचार करत होते, तेवढ्यात तनुजानं त्याच्या हातातलं पेन घेतलं. वाकून पाच नावं लिहिली, सावकाश, वळणदार. ‘कुणाला भेटायचं’ हा रकाना तिनं मोकळा सोडला. ‘काम’ या रकान्यात पाचही ओळींवर तिनं एकच शब्द लिहिला. शाळा.

वॉचमननं वही उलटी करून वाचली आणि दार उघडलं.

दुसऱ्या दिवशीही त्यानं वही धरली, तिसऱ्याही दिवशी. तनुजा रोज लिहायची. पहिल्या आठवड्यात पाच ओळी होत्या. शेडग्यांची मुलगी लंगडत येऊ लागली, तेव्हा सहा झाल्या. नंतर कधीतरी त्यानं वही आणायचं सोडून दिलं, आणि सकाळी आम्ही दिसलो की दार आधीच उघडं असायचं.